तीन मीटरांचा महापूर

"सर, या मातीतली मुळं वर चाललीयेत," गोदामातल्या बाई फोनवर म्हणाल्या आणि मला हसू आलं. सकाळचे अकरा वाजले होते, समोर चहा होता, निवृत्तीला पाच महिने उरले होते. अशा माणसाला जेवढं हसू येतं तेवढं आलं. बाई आमच्या खात्याच्या गोदामात करवत चालवतात. गेल्या चाळीस वर्षांत खात्याने जमिनीला जिथे जिथे भोकं पाडली, तिथून नळीने वर काढलेले माती-दगडांचे लांबच लांब दांडे तिथे पेट्यांमध्ये पडून आहेत. आम्ही त्यांना कोअर म्हणतो. आता गोदामाची जागा दुसऱ्या कुणाला तरी हवी आहे, म्हणून बाई एकेक दांडा उभा चिरतात, चिरलेल्या बाजूचा फोटो काढतात आणि पेटीवर चिठ्ठी डकवतात. ज्याचं ते बोअर असेल त्या अधिकाऱ्याने चिठ्ठीवर 'ठेवा' किंवा 'टाका' असं लिहून सही करायची. 'टाका'वाल्या पेट्या शुक्रवारी ट्रकमध्ये चढतात आणि एका जुन्या खाणीत जाऊन पडतात. बहुतेक सगळे 'टाका'च लिहितात. मीही माझ्या सतरा बोअरांपैकी पंधरांवर तेच लिहिलं होतं. "मुळं वर जात नसतात, बाई," मी म्हणालो. "तेच तर म्हणतेय मी," त्या म्हणाल्या, "म्हणून फोन केला. पेटी तुमची आहे. ती पुराची." मी चहा तसाच ठेवला.

गोदाम ऑफिसच्या मागे, अंगणापलीकडे आहे. तेवढं अंतर चालायला दोन मिनिटं लागतात, आणि त्या दोन मिनिटांत मी स्वतःशी बाईंची टिंगल करून घेतली हे कबूल केलेलं बरं. सहा वर्षं करवत चालवली की माणसाला आपण शास्त्रज्ञ झालो असं वाटायला लागतं, वगैरे. आत गेलो तर बाई कानातले बोळे काढून, हात पुसून पेटीपाशी उभ्या होत्या. त्यांनी काहीच समजावून सांगितलं नाही. दिवा जवळ ओढला आणि बाजूला झाल्या. पेटीत कोअर कशी भरतात ते सांगायला हवं, नाहीतर माझं काय झालं ते कळायचं नाही. पुस्तकातल्या ओळींसारखी भरतात: डाव्या कोपऱ्यात वरची माती, मग उजवीकडे जावं तसं खोल, मग खालची ओळ, पुन्हा डावीकडून. अक्षरं येणारा कुणीही ती वाचू शकतो. मी डावीकडून वाचायला लागलो. चिकणमाती, करडी. तिच्या खाली गाळ. गाळात काळपट रेषा होत्या, झाडांच्या मुळांच्या, कोळसा होऊन गेलेल्या. मूळ जाड बुडख्यापासून निघतं आणि जमिनीत शिरताना फाटे फुटून बारीक होत जातं, हे सांगायला माझी पदवी लागत नाही. इथे जाड बाजू उजवीकडे होती आणि बारीक फाटे डावीकडे, म्हणजे आभाळाकडे. एकच मूळ असतं तर मी काहीतरी म्हणालो असतो. वाकडं वाढलं, दगड लागला असेल. पण अशी मुळं चार ठिकाणी होती, एकाखाली एक, चार वेगवेगळ्या पातळ्यांवर, आणि सगळी वर निघालेली. मग मी शिंपले पाहिले. तेही उभे होते, सगळे एकाच बाजूला कललेले, चिखलात राहणारा शिंपला जिवंतपणी रोवून बसतो तसे. फक्त डोक्यावर. बाई म्हणाल्या, "पेटी उलटी धरून बघितली की सगळं बरोबर दिसतं." त्या मला दुखवायला बोलत नव्हत्या, मदत करत होत्या.

मला खात्यात 'पूरवाले' म्हणतात. नव्याने आलेल्यांना माझं खरं नाव कळायला वर्ष लागतं. सव्वीस वर्षांपूर्वी, मी एकतीस वर्षांचा असताना, एका नदीच्या दरीत मारलेल्या एका बोअरमधल्या तीन मीटर मातीवर मी एक लेख लिहिला. लेख म्हणजे काय, माझं अख्खं आयुष्यच तीन मीटरांचं आहे. तळाशी एक धारदार रेघ, सुरीने कापल्यासारखी, तिच्यावर गोटे, त्यांच्यावर जाड वाळू, मग बारीक वाळू, मग गाळ, आणि सगळ्यात वर चिकणमाती. जोराचं पाणी आधी जड सामान खाली टाकतं, ओसरता ओसरता हलकं टाकतं. मधे कुठे खंड नाही, कुठे उसंत नाही. आणि शिंपले मिटलेले, दोन्ही पाखं जुळलेली. मेल्यावर शिंपला उघडतो, तेव्हा हे उघडायला सवड न मिळता गाडले गेले असणार. मी लिहिलं, हा सगळा थर एकाच पुराने, फार तर दोन-तीन दिवसांत टाकला. काही हजार वर्षांपूर्वी या दरीत काही कळायच्या आत पाणी आलं. वर्तमानपत्रांनी 'काही कळायच्या आत' एवढंच उचललं. महापूर जवळजवळ प्रत्येकाच्याच धर्मग्रंथात आहे, त्यामुळे माझ्या दरीतला पूर ज्याने त्याने आपल्या ग्रंथाला जोडून घेतला. मला पत्रं आली. डोंगरमाथ्यावर सापडलेले शिंपले डब्यात घालून माणसं भेटायला आली. मी त्यांना सांगायचो, पाणी डोंगरावर चढलं म्हणून हे तिथे नाहीत, समुद्राचा तळच वर उचलला जाऊन डोंगर झाला म्हणून आहेत. व्याख्यानांत सांगायचो की पुराचे थर जगात जिथे तिथे सापडतात, पण एकाचं वय दुसऱ्याशी जुळत नाही. पूर हजारो आले, सगळं जग बुडवणारा एक पूर मात्र खडकात कुठेही लिहिलेला नाही. माणसं निराश होऊन खुर्चीत मागे टेकायची. मग मी म्हणायचो, "पण आमच्या दरीत मात्र..." आणि सगळं सभागृह पुन्हा पुढे वाकायचं. त्या 'पण'वर मी सव्वीस वर्षं जगलो, बढत्या घेतल्या, लोकांना उपदेश केले.

उलटं धरून वाचलं की काय दिसतं? तळाशी चिकणमाती, तिच्यावर गाळ, मग वाळू, सर्वांत वर गोटे. एक तळं. शांत, उथळ, काठाला लव्हाळी. नदी आपली इंचाइंचाने गाळ आणून ते भरत राहिली, काठ पुढे सरकत राहिला, मधे चार वेळा तिथे जमीन झाली, चार वेळा त्यावर काहीतरी उगवलं, वाढलं, पुन्हा हळूहळू बुडालं. शिंपले जिथे जन्मले तिथेच म्हातारे होऊन मेले, त्यांच्यावर त्यांची पोरं बसली. दोन-तीन दिवस नव्हे, दोन-तीन हजार वर्षं. इतकी निवांत जागा मी माझ्या उभ्या नोकरीत दुसरी पाहिली नाही. आणि ती सुरीने कापल्यासारखी रेघ, जिचं चित्र माझ्या लेखाच्या पहिल्या पानावर आहे, ती म्हणजे दोन नळ्यांमधली फट. वरची नळी उलटी भरलेली, खालची सुलटी, आणि दोघींमधला सांधा. हे कसं झालं असेल ते मला तिथेच, पेटीवर वाकलेला असताना आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं. त्या दिवशी नळी अडकली होती. माती आत घट्ट बसली, बाहेर येईना. बोअरवाल्या मिस्त्रीने शिव्या दिल्या, नळी फिरवली, दुसऱ्या तोंडाने दांडक्याने ठोकून ठोकून माती बाहेर काढली. नेहमी जे टोक आधी बाहेर येतं त्याच्या उलटं टोक आधी आलं. आणि मी गुडघ्यावर बसून, पेन दातांत धरून, ज्या क्रमाने माती हातात आली त्या क्रमाने सवयीने पेटीत लावत गेलो. माझ्याच हातांनी. मिस्त्री म्हणालाही होता बहुतेक काहीतरी. की मी आता ते रचतोय, कुणास ठाऊक. नळीतून येताना दांड्याला बाहेरून चिखल चोपडला जातो, मुळं दिसत नाहीत. तेव्हा तो कुणी मधोमध चिरला नव्हता. मी एक अरुंद पट्टी खरवडली, पूर पाहिला, आणि पूर दिसल्यावर मुळं शोधायचं माझ्या मनातही आलं नाही. दुसरं बोअर मारायची परवानगी आली नाही तेव्हा मी निषेधाचं पत्र लिहिलं होतं. मनातून मला हायसं वाटलं होतं, हेही आज लिहून टाकतो.

"फोटो अजून संगणकावर चढवला नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगाल तसं." त्यांनी चिठ्ठी आणि पेन पुढे केलं. गोदामात धूळ उन्हात तरंगत होती, आणि मी विचार करत होतो की शुक्रवार परवावर आलाय. दोन अक्षरं लिहिली की ही पेटी खाणीत जाऊन पडेल, तिच्यावर आणखी शेकडो पेट्या पडतील, आणि पूर येऊन गेलेला राहील. बाई कुणाला सांगणार नाहीत. त्या तशा नाहीत. आणि मी तसा आहे की नाही हे बघत होत्या. मला शरम खात्याची वाटत नव्हती. खात्याचं काय, दोन ओळींची दुरुस्ती छापून येईल, चार लोक गालात हसतील, पाच महिन्यांनी मी घरी बसेन. मला काळजी होती ती बाबांची. माझ्या घरी, आतल्या खोलीत, शहाऐंशी वर्षांचे माझे वडील पाय सुजलेल्या अवस्थेत पडून होते. डॉक्टर म्हणाले होते महिना, फार तर दीड. आणि ते त्या तीन मीटर मातीवर सव्वीस वर्षं उभे होते. मी चिठ्ठी कोरीच खिशात घातली आणि बाईंना म्हणालो, उद्या देतो. त्या "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी कानात बोळे घातले.

बाबा नदीची पातळी नोंदवायच्या कामावर होते. नदीकाठच्या एका छोट्या गावात आम्हाला त्यांच्या खात्याची दोन खोल्यांची जागा होती, आणि तिथून शंभर पावलांवर पाण्यात रोवलेली लोखंडी पट्टी, तिच्यावर फुटांचे आकडे रंगवलेले. एरवी दिवसातून तीनदा आणि पावसाळ्यात दर तासाला जायचं, आकडा बघायचा, वहीत लिहायचा. पाणी सहा फुटांवर गेलं की बुटक्या पुलाच्या तोंडाशी साखळी लावायची, म्हणजे कुणी पलीकडे जायचं नाही. शाळा पलीकडे होती. मी तेरा वर्षांचा होतो आणि धाकटा नऊ. त्या दिवशी वहीत अकराच्या रकान्यात 'चार' लिहिलेलं आहे. साडेअकराला धाकटा दप्तर घेऊन निघाला, आणि पूल पाण्याखाली गेला होता, आणि तो तिसऱ्या दिवशी चार मैलांवर सापडला. चौकशीला आलेल्या साहेबांनी वही पाहिली, पट्टी पाहिली. अर्ध्या तासात पाणी इतकं कसं चढलं हे त्यांच्या डोक्यात शिरेना, पण वही वही असते. 'अचानक' असा शेरा मारून ते निघून गेले. मला त्या आठवड्यातलं धड काही आठवत नाही, जे आठवतं ते नंतर लोकांनी सांगितलेलं आहे. पण त्याच्या पुढच्या महिन्यातलं एक स्वच्छ आठवतं. आई चुलीकडे तोंड करून बसली होती, आणि तशीच पाठमोरी म्हणाली, "तुम्ही स्वतः जाऊन बघून आला होतात ना?" बाबा म्हणाले, "आलो होतो." तिने पुन्हा कधी विचारलं नाही. त्या दोन शब्दांवर ती पुढे चौतीस वर्षं जगली, त्यांना वाढत राहिली, त्यांची बटणं लावत राहिली.

बाबांनी त्यानंतर ग्रंथ धरला. आधी ते फारसे देवाधर्माचे नव्हते. आता संध्याकाळी महापुराचं प्रकरण उघडून बसायचे आणि म्हणायचे, पाणी आपोआप येत नसतं, पाठवलं जातं. माझ्याकडे बघून म्हणायचे. मी सोळा वर्षांचा झाल्यावर एकदा म्हणालो, "पाणी उतारावरून येतं, बाबा. उतार असला की येतं." त्यांनी हात उचलला आणि खाली घेतला. मी भूगर्भशास्त्र घेतलं ते खडकांच्या प्रेमाने नव्हे; त्यांचा पूर खोटा ठरवायला घेतलं. माझा भाऊ कुणीतरी ठरवून बुडवला, आणि वर त्याला नमस्कार करायचा, हे मला सहन होत नव्हतं. मग जवळजवळ पंधरा वर्षं आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो. आणि मग मीच, खात्याच्या पाहणीसाठी दरी निवडायची वेळ आली तेव्हा, तीच दरी निवडली, गावाच्या थोडी वर, आणि तिच्यातून पूर काढला. लेख छापून आला तेव्हा मी तो घेऊन बाबांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून दोन तास वाचला. त्यांना त्यातलं निम्मं कळलं नसणार. मग म्हणाले, "म्हणजे या नदीला काही सांगता येत नाही. पट्टी बघूनसुद्धा काही उपयोग नव्हता." मी म्हणालो, "नव्हता." खरं तर हजारो वर्षांपूर्वीच्या थराचा आणि त्या सकाळचा काही संबंध नव्हता, हे मला त्या क्षणीही माहीत होतं. पण त्यांनी चष्मा काढला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी एकतीस वर्षांचा घोडा रडलो. त्या दिवसापासून आम्ही बाप-लेक झालो. आई गेल्यावर मी त्यांना घरी आणलं. पाहुण्यांना ते सांगायचे, "आमच्या याने महापूर शोधून काढला." मी सुधारायला गेलो की हळूच डोळा मारायचे. मी सुधारणं सोडून दिलं.

दुपारी दोनलाच घरी आलो. बायको स्वयंपाकघरात बाबांच्या गोळ्या कुटून दुधात घालत होती. तिला ओट्याशी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते, तिला पेटीचं उलटसुलट लगेच समजलं; तिने आकृतीही मागितली नाही. "तू दुरुस्ती पाठव," ती म्हणाली. "पाठवायलाच हवी. पण बाबांना कशाला सांगायचं?" मी म्हणालो, नाहीच सांगणार. ती म्हणाली, "माझ्याकडे बघून बोल." मी बघितलं. "महिन्याभराचा माणूस आहे तो. महिनाभर तोंड मिटून बसायला तुझं काय जातंय? त्यांना वाटू दे कुणाच्या हातात नव्हतं म्हणून. नाहीतर तो पोरगा त्यांच्या हातून गेला असं होतं, कळतंय ना तुला?" मला कळत होतं. चौकशीवाल्या साहेबांना जे समजलं नाही ते मला सकाळपासून समजत होतं: ती नदी अशी अचानक चढणारी नसेल, तर अकराचा 'चार' हा आकडा काय होता? बाबांनी पट्टी चुकीची वाचली असणार. गढूळ पाण्यात चार आणि सहा सारखे दिसत असतील, चष्मा नव्हता तेव्हा, किंवा रंग उडाला असेल. मी त्यांच्या वतीने सबबी गोळा करत होतो. बायकोला म्हणालो, शपथ, नाही बोलणार. दुधाचा पेला घेऊन आत गेलो.

बाबा उशांना टेकून जागेच होते. खिडकीतून येणारं ऊन त्यांच्या पायांवर पडलं होतं. पाय परक्या माणसाचे वाटावेत इतके सुजले होते. "लवकर आलास," ते म्हणाले. मी म्हणालो, काम कमी होतं. चमच्याने दूध पाजायला लागलो. तीन-चार चमचे झाले आणि ते म्हणाले, "काय झालं?" काही नाही म्हणालो. "तेरा वर्षांचा असताना करायचास तसं तोंड केलंयस." माणूस खरं का बोलतो याबद्दल लोक फार चांगल्या गोष्टी बोलतात. मी सांगतो मी का बोललो. मला एकट्याला ते पेलत नव्हतं, बस. सत्याची चाड वगैरे काही नव्हतं. ज्या माणसाने लहानपणी माझ्या हातातलं जड सामान घेतलं होतं त्याच्याच हातात मी ते पुन्हा दिलं, तो मरायला टेकलेला असताना. शपथ घेऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. मी पेला खाली ठेवला आणि म्हणालो, "बाबा, ती माती उलटी भरली होती. माझ्याकडून. पूर नव्हता तिथे. तळं होतं."

त्यांनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. एक, आणखी कुणाला माहीत आहे. दुसरा, तळं किती वर्षांत भरलं. मी सांगितलं. मग घाईघाईने म्हणालो, त्याचा आपल्या त्या दिवसाशी काही संबंध नाही बाबा, जुनी गोष्ट वेगळी, नदी कधीही चढू शकते, पट्टीवरचे आकडे पुसट होते, कुणाचीही चूक झाली असती. ते मला थांबवायला हात हलवत होते, पण हात उचलत नव्हता, नुसती बोटं हलत होती. "मला नको शिकवू ती नदी," ते म्हणाले. "बारा वर्षं वाचलीय मी. तासाला दोन फूट. त्याच्यावर ती कधी चढली नाही. पूर मोठा असू दे नाहीतर छोटा असू दे, तासाला दोन फूट." दम घेतला. "आकडे पुसट नव्हते. मीच रंगवले होते मार्चमध्ये." मी म्हणालो, मग? "मग काय. दहाला चार होतं. अकराला सहा झालं असणार. मी गेलोच नाही बघायला. दहाचं बघून अकराचं लिहिलं. सगळेच लिहायचे एखाद वेळी. तो दारात उभा राहून म्हणाला, बाबा, जाऊ का? मी म्हटलं, जा, चारच आहे."

मला ते वाक्य समजायला वेळ लागला. बाहेर बायकोने नळ बंद केला. तीही ऐकत असावी. मी विचारलं, का नाही गेलात? माझा आवाज मलाच आवडला नाही, त्यात चौकशीला आलेला साहेब होता. शंभर पावलं तर होती, मी म्हणालो. बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग नव्हता. एक मोठा नाइलाज होता. "नको विचारू," ते म्हणाले. मी विचारलं. "तुला ताप होता," ते म्हणाले. "एकशे पाच. डोळे फिरवले होतेस. आई डॉक्टरला आणायला धावली होती. तू माझं बोट धरलंस ते सोडेचना. दोनदा सोडवून उठायला गेलो तर किंचाळायला लागलास. म्हटलं, राहू दे, चारच असेल."

मग ते थोडं थोडं करून बोलत राहिले, आणि मी ऐकलं, कारण आता ऐकण्यावाचून काय होतं. आईला त्यांनी सांगितलं नाही, कारण तिने माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं असतं. तिला नको असतानाही पाहिलं असतं. म्हणून त्यांनी ग्रंथातलं 'पाठवलेलं' पाणी आणलं. पाठवलेलं म्हटलं की कुणी कुणाकडे बघायला नको, ते म्हणाले. ग्रंथातला पूर खरा की खोटा, त्यांना माहीत नव्हतं, आणि फारसा फरक पडत नव्हता. मी सोळा वर्षांचा असताना ते पाणी नाकारलं तेव्हा त्यांनी हात उचलला तो देवासाठी नव्हता. "मला वाटायचं, हा असाच खोदत गेला तर एक दिवस स्वतःपर्यंत पोचेल," ते म्हणाले. "मग तू पूर काढलास. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला खरंच हलकं वाटलं. म्हटलं, सुटला हा." माझ्याबद्दल बोलत होते ते. सव्वीस वर्षं मला वाटत होतं मी त्यांना सोडवलं. मी रोज सकाळी त्यांच्या खोलीत डोकावताना मनात थोडा अभिमान बाळगून डोकावायचो, मुलाने बापाला केवढं मोठं काहीतरी दिलं असा. आणि ते पलंगावर पडून मला पांघरूण घालत होते, शहाऐंशी वर्षांचा माणूस सत्तावन्न वर्षांच्या माणसाला. मी म्हणालो, "मला काहीच आठवत नाही, बाबा. बोट वगैरे काही नाही." हे मी त्यांना सांगत होतो की स्वतःची सुटका मागत होतो, मला माहीत नाही. "बरंच आहे," ते म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. छाती वरखाली होत होती, मधेच थबकायची, पुन्हा सुरू व्हायची. बायको दारात येऊन उभी राहिली होती, पदर तोंडावर धरून, आणि माझ्याकडे न बघता ती परत गेली. तिने न बघणं मला लागलं, आणि लगेच समजलंही की हे आता असंच. धाकट्याचा चेहरा मी आठवून पाहिला. तो मला कधीच नीट आठवत नाही, आजही आठवला नाही; नुसता एक दारात उभा असलेला मुलगा, घाईत असलेला, आत काय चाललंय ते बघणारा, आणि पलंगावर कुणीतरी, ज्याच्यासाठी घरातलं सगळं थांबलेलं. त्याला शाळेला उशीर होत होता. त्याने शहाण्यासारखं विचारलं होतं.

"हे मी बरोबर घेऊन जाणार होतो," बाबा डोळे मिटूनच म्हणाले. "थोडंच राहिलं होतं." मी म्हणालो, चुकलं माझं. ते म्हणाले, "आता तुझ्याकडे राहील ते," आणि मान भिंतीकडे वळवली. त्यांची तीनची गोळी द्यायची होती. बाटली समोर खिडकीत होती, चार पावलांवर, आणि मला उठता येत नव्हतं.